घरच्या संगणकातील दुसरा संगणक : आभासी यंत्राचा इतिहास आणि आपले विद्यार्थी

बिग डेटा, म्हणजे एका संगणकाच्या आवाक्यात न मावणारी माहिती, हाताळण्याचे शास्त्र शिकावयाचे तर शेकडो संगणकांची एकत्र जोडलेली फळी लागते, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. अशी फळी मुंबई-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांत असते, तालुक्याच्या गावी ती कोठून येणार, तेव्हा हा विषय आपल्या मुलांचा नव्हे, असे पालकच काय, शिक्षकही बोलताना मी ऐकले आहे. वस्तुतः या विद्येत पुढे नाव काढलेल्या असंख्य तरुणांचा बिस्मिल्लाह घरच्याच संगणकावर झाला. त्या संगणकाच्या पोटात उभ्या केलेल्या एका दुसऱ्या, आभासी यंत्रावर झाला. हे आभासी यंत्र, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, कोठून आले, कोणी वाटले, कोणी परत घेतले, आणि ते सांभाळावयाचे म्हणजे काय करावयाचे, याची हकीकत आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना ठाऊक असावी म्हणून हा लेखनप्रपंच.

या हकीकतीचा आरंभ टंचाईत आहे. १९६० च्या आसपास यंत्र एक आणि माणसे अनेक अशी अवस्था होती. प्रोग्राम लिहिणारा आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवी, गठ्ठा खिडकीत देई आणि उत्तराची वाट पाहत बसे. एखादे विरामचिन्ह चुकले असले तर तेवढ्यासाठी गठ्ठा परत येई आणि पुन्हा रांग. आपल्या मुंबईतही १९६४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा त्यावर बाहेरच्या संस्थांतील संशोधकांचीही कामे चालत, आणि त्या पिढीतील मंडळींना कार्डांचे गठ्ठे आणि ती प्रतीक्षा चांगली आठवते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात एक तोड दाखविली. यंत्राचा वेळ अनेकांत इतक्या बारीक तुकड्यांनी वाटावयाचा, की प्रत्येकाला यंत्र आपल्याच सेवेत आहे असे वाटावे. याला कालविभाजन म्हणता येईल. पण यात यंत्र सर्वांचे मिळून एकच होते. शेजाऱ्याच्या चुकीने सर्वांचेच काम कोसळण्याची भीती असे.

पुढची गोष्ट गमतीची आहे. त्याच संस्थेच्या पुढील मोठ्या प्रकल्पासाठी आयबीएमने आपले यंत्र देऊ केले होते. परंतु १९६४ साली ते काम जनरल इलेक्ट्रिककडे गेले. आयबीएमचे एक छोटे शास्त्रीय केंद्र त्याच केंब्रिज गावात होते. तेथील रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आदी मंडळींनी हार पत्करण्याऐवजी निराळाच विचार केला. सर्वांनी एक यंत्र वाटून घेण्यापेक्षा प्रत्येकाला अख्खे यंत्रच दिले तर? खरे यंत्र नव्हे, यंत्राची हुबेहूब प्रतिमा. खाली एक नियंत्रक प्रोग्राम राहील, तोच काय तो खऱ्या लोखंडाशी व्यवहार करील. वर प्रत्येक माणसाला स्वतःची स्मृती, स्वतःची डिस्क, स्वतःचा कार्ड-वाचक असल्याचा भास होईल.

हे समजण्यासाठी मी विद्यार्थ्यांना चाळीचे उदाहरण देतो. कालविभाजन म्हणजे एका मोठ्या दालनात पथाऱ्या टाकून राहिलेली बिऱ्हाडे. आभासी यंत्र म्हणजे प्रत्येकाला कुलूप असलेली खोली. इमारत एकच, नळाचे पाणीही एकाच टाकीचे, पण माझ्या खोलीत मी भिंत रंगवली काय किंवा चुलीवर दूध उतू घालवले काय, शेजाऱ्याला त्याची झळ नाही.

सीपी-४० नावाची ही रचना १९६७ च्या जानेवारीत वापरात आली. सिस्टिम ३६० मालिकेतील ४० क्रमांकाच्या यंत्रात खास फेरबदल करून तिच्यावर एका वेळी १४ आभासी यंत्रे चालविली गेली आणि प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मृती असल्याचा भास देण्यात आला. आज एका साध्या छायाचित्राला याहून अधिक जागा लागते. या प्रत्येक खोलीत सीएमएस नावाची एका माणसापुरती साधी कार्यप्रणाली असे. पाठोपाठ सीपी-६७ आली आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही व्यवस्था अधिकृतपणे बाजारात जाहीर केली. तिच्याबरोबर तिचा मूळ प्रोग्रामही ग्राहकाला मिळे. ग्राहक तो वाचीत, दुरुस्त करीत, सुधारणा एकमेकांस देत. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एक निबंध लिहून, कोणत्या प्रकारच्या यंत्राची अशी प्रतिमा उभी करता येते याच्या अटी गणिती काटेकोरपणे मांडल्या. सार असे की, यंत्राच्या मूळ स्थितीला हात लावणारी प्रत्येक आज्ञा नियंत्रकाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे. पुढे घरोघर छोटे संगणक आले आणि प्रत्येकाला खरेच आपापले यंत्र मिळाल्यामुळे या विद्येची निकड कमी झाली. शिवाय या छोट्या संगणकांत जो इंटेल जातीचा प्रक्रियक सर्वत्र रूढ झाला, तो पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीस उतरत नव्हता. त्याच्या काही आज्ञा नियंत्रकाच्या नजरेतून निसटत.

ही अडचण स्टॅनफर्ड विद्यापीठातील मंडळींनी सोडविली. मेंडेल रोझेनब्लम, एदुआर ब्युन्यों, स्कॉट डिव्हाइन, डायेन ग्रीन आणि एडवर्ड वाँग यांनी १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि १९९९ साली वर्कस्टेशन हा प्रोग्राम विक्रीस आणला. निसटणाऱ्या आज्ञा चालू कामातच हेरून त्या बदलून टाकावयाच्या, ही त्यांची युक्ती. २००५ च्या अखेरीस इंटेलने आणि पुढल्या वर्षी एएमडीने प्रक्रियकातच या कामाची सोय केली. २००७ साली जर्मनीतील इनोटेक कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स हा असाच प्रोग्राम मूळ संहितेसह खुला केला; पुढे तो सन कंपनीकडे आणि सनबरोबर २०१० साली ओरॅकलकडे गेला. ज्याच्या खिशात परवान्याचे पैसे नव्हते, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा उंबरठा व्हर्च्युअलबॉक्सने ओलांडून दिला.

आता कथेचा दुसरा धागा. आपल्या समारंभांतून अल्-ख्वारिझ्मीचे नाव घेतले की टाळ्या हमखास पडतात. नवव्या शतकातील बगदादच्या या विद्वानाच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला हे खरेच आहे, आणि बीजगणिताचे युरोपीय नाव त्याच्या ग्रंथावरून पडले हेही खरे. परंतु टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलीला एखादा अल्गोरिदम स्वतःच्या हाताने चालवून पाहण्यासाठी यंत्र मिळवून दिले, हा प्रश्न विचारला की सभागृह शांत होते. असो.

२००३ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपली फाइल साठविण्याची पद्धत एका निबंधात प्रसिद्ध केली. २००४ साली जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस ही काम वाटून देण्याची पद्धत मांडली. मोठ्या कामाचे तुकडे करून अनेक साध्या संगणकांना द्यावेत, एखादा बंद पडला तर त्याचा तुकडा दुसऱ्याला द्यावा आणि शेवटी उत्तरे गोळा करावीत, असा तिचा गाभा. गूगलने विचार दिला, प्रोग्राम दिला नाही. तो डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी स्वतंत्रपणे लिहिला. २००६ साली कटिंग याहू कंपनीत गेले आणि हा प्रोग्राम हडूप या नावाने वेगळा झाला. हडूप हे कटिंग यांच्या लहान मुलाच्या पिवळ्या खेळण्यातील हत्तीचे नाव. २००८ साली ९१० संगणकांच्या फळीवर हडूपने एक टेराबाइट माहिती २०९ सेकंदांत क्रमवार लावून दाखविली.

नऊशे दहा संगणक! येथेच आपल्याकडचा शिक्षक हात टेकतो. पण हडूपच्या कर्त्यांनी एक वाट ठेवली होती. फळीतील निरनिराळ्या भूमिका, म्हणजे कोणता तुकडा कोठे आहे याची नोंदवही ठेवणारा, तुकडे साठविणारा, कामे वाटणारा आणि कामे करणारा, या सगळ्या एकाच यंत्रावर स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालविता येतात. नाटक मंडळीत एकाच नटाने पोशाख बदलून चार भूमिका कराव्यात तसे. खऱ्या फळीत प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवतात. येथे जागा एकच, म्हणून प्रतींची संख्या एक ठेवावयाची. वेग मिळत नाही, पण वेग शिकावयाचाच नसतो. प्रोग्राम बरोबर विभागला गेला का, उत्तर बरोबर आले का, हे येथे पुरते कळते. संगणकांमधील जाळे तुटले तर काय होते, सगळा भार एकाच संगणकावर पडला तर काय, हे मात्र येथे कळत नाही, आणि ते कळते असा दावा कोणी करू नये.

हडूप लिनक्स कार्यप्रणालीवर राहणारा, आपल्या विद्यार्थ्याच्या संगणकावर विंडोज, आणि एकेक भाग जुळविणे नवख्याला जड. तेव्हा २००८ साली स्थापन झालेल्या क्लाउडेरा कंपनीने सगळे भाग जुळवून तयार असे आभासी यंत्रच एका फाइलीत घालून मोफत देऊ केले. २०११ साली याहूतून निघालेल्या हॉर्टनवर्क्सने २०१३ मध्ये सँडबॉक्स नावाचे आपले यंत्र दिले. फाइल उतरवून घ्या, व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडा आणि कामाला लागा. या दोन फाइलींनी जगभरच्या वर्गखोल्यांत जे काम केले ते कित्येक विद्यापीठांना जमले नसते.

कामाला लागा हे म्हणणे सोपे. यंत्र फुकट मिळाले तरी ते सांभाळावे लागते, आणि खरी तालीम त्या सांभाळण्यातच होते, असे माझे मत बनले आहे. पहिला अडथळा बहुधा यंत्र सुरू होण्याआधीच येई. प्रक्रियकातील ती २००५ नंतरची सोय अनेक संगणकांत कारखान्यातून बंदच येते; संगणक सुरू होतानाच्या मूळ व्यवस्थेत, म्हणजे बायोसमध्ये, जाऊन ती चालू करावी लागते. ती बंद असली की ६४ बिटांच्या यंत्राचा पर्यायच दिसत नाही आणि मुले समजतात की आपला लॅपटॉप कुचकामी आहे. कित्येकांनी येथूनच हा विषय सोडला. एका कळीचा प्रश्न!

दुसरी गोष्ट स्मृतीची. आठ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपात आभासी यंत्राला सात देणारा विद्यार्थी हमखास भेटतो. घरमालकालाच निजायला जागा उरली नाही तर भाडेकरू सुखाने कसा राहील? मूळ कार्यप्रणाली रॅम अपुरी पडल्याने डिस्कवर लिहू लागते आणि दोन्ही यंत्रे गोगलगायीच्या चालीने चालतात. निम्म्याच्या पुढे जाऊ नये आणि आत जे विभाग लागत नाहीत ते बंद ठेवावेत. तयार यंत्रात दहा-पंधरा सेवा आपोआप सुरू होतात आणि त्यांतील बहुतेक जावा भाषेत लिहिलेल्या असल्याने प्रत्येक आपापला वाटा अडवून बसते. शिकणाऱ्याला एका वेळी चार-पाच पुरतात.

तिसरी गोष्ट यंत्र बंद करण्याची. लॅपटॉपचे झाकण मिटले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्याचे यंत्र दुसऱ्या दिवशी सेफ मोड नावाच्या अवस्थेत अडून बसते. नोंदवहीत जेवढे तुकडे लिहिले आहेत तेवढे जागेवर सापडल्याखेरीज हडूप नवीन काही लिहू देत नाही. अर्धवट लिहिताना वीज गेली असली तर हिशेब जुळत नाही. भारनियमन अनुभवलेल्या आपल्या गावांना हे वेगळे सांगायला नको. आधी सेवा थांबवाव्यात, मग आतील लिनक्स, मग बाहेरचा संगणक.

आणि मग ती छायाप्रत, जिला स्नॅपशॉट म्हणतात. यंत्राची या क्षणाची स्थिती जपून ठेवावयाची आणि काही बिघडले तर तेथे परतावयाचे, ही सोय फार मोलाची आहे. पण प्रत्येक छायाप्रतीनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत साठत जातात आणि ती फाइल वाढतच राहते. आतील फाइली पुसल्या म्हणून बाहेरची जागा मोकळी होत नाही. माझा एक शागीर्द मोठा कष्टाळू. तो दररोज मगरीबनंतर कामाला बसे आणि उठताना इमानेइतबारे एक छायाप्रत घेई. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री लॅपटॉपची डिस्क शिगोशीग भरली आणि यंत्र जागच्या जागी थांबले. घाबरून त्याने मोठ्या दिसणाऱ्या फाइली हातांनी पुसल्या. त्या छायाप्रतींच्याच फाइली होत्या. साखळीतील कडी निघाली आणि यंत्र कायमचे गेले. त्याचा सगळा प्रोग्राम आत होता, बाहेर एक ओळ नव्हती. परीक्षकाने दुसरी तारीख दिली हे त्याचे नशीब. पण ती रात्र त्याच्याइतकीच माझ्याही लक्षात आहे, कारण बाहेर प्रत ठेव हे मी त्याला एकदाही सांगितले नव्हते. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी सांगतो की यंत्र जाणारच आहे असे समजून काम करा. प्रोग्राम बाहेरच्या सामायिक फोल्डरात ठेवा, माहिती मूळ ठिकाणाहून पुन्हा आणता येईल अशी ठेवा, यंत्रात असे काहीच ठेवू नका जे गेल्यावर रडू येईल.

हाच विचार एका तरुण अभियंत्याने पद्धतशीर केला. मिचेल हाशिमोतो यांनी २०१० साली व्हेग्रंट हा प्रोग्राम आणला. यंत्र जपण्याऐवजी यंत्राची कृती लिहून ठेवावी, हे त्याचे सूत्र. किती रॅम, कोणते लिनक्स, कोणते प्रोग्राम, कोणते फोल्डर सामायिक, हे एका छोट्या मजकुराच्या फाइलीत लिहावयाचे. एका आज्ञेसरशी यंत्र उभे राहते, दुसऱ्या आज्ञेने नष्ट होते. बिर्याणी डब्यात भरून ठेवण्यापेक्षा कृती वहीत उतरवून घेणे शहाणपणाचे. २०१५ साली बर्कले विद्यापीठाने स्पार्क या हडूपनंतरच्या वेगवान प्रणालीवर इंटरनेटद्वारे खुला अभ्यासक्रम चालविला, तेव्हा विद्यार्थ्यांना घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हेग्रंटच बसवावयास सांगितले होते.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. २०१८ च्या ऑक्टोबरात क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स यांनी एकत्र येण्याचे जाहीर केले आणि २०१९ च्या जानेवारीत त्या एक झाल्या. तयार यंत्रांच्या नव्या आवृत्त्या थांबल्या. ३१ जानेवारी २०२१ पासून कंपनीची उत्पादने उतरवून घेण्यासाठी सशुल्क करार आवश्यक झाला. ज्या शिक्षकांनी आपला संपूर्ण अभ्यासक्रम त्या एका फाइलीवर उभारला होता, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्हेग्रंटच्या पुढील आवृत्त्यांचाही परवाना बदलून त्यावर व्यापारी बंधने आली. यात नवल असे काही नाही. आयबीएमने १९८३ साली हेच केले होते. यापुढे मूळ प्रोग्राम मिळणार नाही, केवळ यंत्राला कळणारे रूप मिळेल, असे जाहीर करून व्हीएमच्या ग्राहकांना नाराज केले होते. आणि २०२५ साली व्हेग्रंटची मालक असलेली हाशिकॉर्प कंपनी विकत घेतली तीही आयबीएमनेच.

आपल्या वाचकांना यातील भेद समजावयास अडचण पडू नये, कारण आपल्या फिक्हमध्ये तो फार पूर्वीपासून आहे. एक वस्तू आरियत म्हणून मिळते, म्हणजे वापरण्यापुरती, मालकाने मागितली की परत. दुसरी वक्फ केलेली असते. देणाऱ्याचाही तिच्यावर हक्क उरत नाही. क्लाउडेराची फाइल आरियत होती. तिच्या आत असलेले हडूप आणि स्पार्क मात्र अपाचे परवान्याखाली दिलेले होते, आणि दिलेली परवानगी मागे घेता येणार नाही असे त्या परवान्यातच लिहिले आहे. तुलना तंतोतंत नाही, हे मला ठाऊक आहे. वक्फला मुतवल्ली असतो, येथे जो वापरील त्यानेच राखावयाचे. पण ज्या शिक्षकांनी मुलांना एकदा तरी रिकाम्या लिनक्सवर जावा, मग हडूप, मग स्पार्क असे हाताने बसवावयास शिकविले होते, त्यांचे वर्ग २०२१ नंतरही एक दिवस बंद पडले नाहीत.

आज कोणी म्हणेल की आता डॉकर आहे, आता सर्व काही भाड्याच्या दूरस्थ यंत्रांवर होते, घरच्या यंत्राचे दिवस गेले. २०१३ साली आलेला डॉकर हलका आहे खरा, परंतु विंडोजवर तो लिनक्सचे काम करतो ते पडद्याआड एक लहान आभासी यंत्र चालवूनच. आणि दूरस्थ यंत्राचे भाडे तासावर असते. बंद करावयास विसरलेल्या यंत्राचे बिल महिन्याच्या शेवटी येते, तेव्हा ते भरणाऱ्या बापाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, तो मुलाला आधी घरच्या यंत्रावर चुका करू देईल.

१९७२ सालच्या त्या व्हीएम/३७० चेही काय झाले ते सांगून टाकतो. १९८३ पूर्वी वाटल्या गेलेल्या जुन्या आवृत्त्या मूळ प्रोग्रामासह लोकांच्या हाती राहिल्या होत्या. १९९९ साली रॉजर बाउलर यांनी हर्क्युलिस नावाचा प्रोग्राम काढला, जो साध्या संगणकावर आयबीएमच्या त्या प्रचंड यंत्रांचे सोंग वठवितो. त्यावर व्हीएम/३७० आजही चालते आणि हौशी मंडळी त्यात सुधारणाही करतात. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील दोघी मुलींनी व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स, त्यात हर्क्युलिस, त्यात व्हीएम/३७० आणि त्यात सीएमएस असे एकात एक उभे केले. यंत्राला दिलेली रॅम होती दोन जीबी, आणि त्यातलीही बरीच शिल्लक राहिली.